आतियसचा खांब

वेट्टियसची खोड एकच. तलवार हातात आली की तो ती डोक्यावर उगारायचा. ऱ्हाईनकाठच्या त्या रोमन छावणीत नव्या शिपायांकडून वस्ताद सुर्दिनस रोज घोटून घेई: ढालीआडून पुढे व्हा, पोटात भोसका, मागे या. त्या आखूड पात्याने कापताही येई, मांडीची शीर तर सहज तुटे. पण कोपर अंगाजवळ ठेवून.

"लाकडं फोडतोयस का रे?" सुर्दिनस कडाडला. "हात वर गेला की बगल उघडी पडते. तिथे दोन बोटं पातं शिरलं तरी खेळ खलास! परवा नदीपलीकडे लढायला जायचंय, राजा. असाच हात उगारलास तर तुला उचलूनच आणावं लागेल. शिंग वाजेपर्यंत खांबावर भोसकत बस!"

एवढं बोलून तो छावणीच्या फाटकातून आत गेला. बाहेर मैदानात वेट्टियस एकटा उरला.

सरावाचा खांब ज्याचा त्याने तोडून आणायचा, ज्याचा त्याने रोवायचा. मेलेल्याचा खांब मात्र कुजेपर्यंत तसाच उभा ठेवायचा, त्याला कुणी शिवायचं नाही. पण वेट्टियस पक्का आळशी! रानात कोण जातंय, म्हणून कडेचा आतियसचा खांबच त्याने गुपचूप आपला म्हणून धरला होता. आतियस गेल्या वसंतात नदीपलीकडे लढताना पडला होता, हात उगारलेला असताना.

संध्याकाळचं धुकं नदीवरून चढलं. कुजक्या पाल्याचा वास सुटला. लाकडी तलवार खरीपेक्षा दुप्पट जड, खांदा भरून आला, आणि सवयीने त्याचा हात वर गेला.

बगलेत काहीतरी गार लागलं. बोटाच्या टोकासारखं.

"तसाच धर..." खांबाकडून कुणीतरी धापा टाकत म्हणालं. "कुठून शिरलं, मला कळलंच नाही रे... बघू दे..."

 कोपर बरगडीला घट्ट दाबून, ढाल पुढे धरून वेट्टियस मागे मागे सरकू लागला. पाठ फिरवायची छातीच होईना. ओल्या गवतावर त्याच्या पावलामागोमाग आणखी एक पाऊल वाजत होतं. देवा, एवढ्या वेळी वाचव, परत कुणाच्या वस्तूला हात लावणार नाही!

पाठ फाटकाला टेकली.

"हात वर!" फाटकावरून वस्तादाचा आवाज.

वेट्टियसचं काळीज लक्‌कन हललं. हात वर केला तर ते गार काहीतरी बगलेत शिरणार. नाही केला तर शत्रू समजून वरून पहारेकऱ्याचा भाला येणार.

"वस्ताद, नको... मी वेट्टियस..."

"हात वर म्हणतो ना!"

त्याने डोळे मिटून आजचा परवलीचा शब्द बोंबलून सांगितला. हात काही उचलला नाही. फाटक किलकिलं झालं आणि म्हाताऱ्या पहारेकऱ्याने, कोमिनियसने, त्याला मानगुटीला धरून आत ओढलं. मशाल घेऊन सुर्दिनस धावत आला.

"काय आभाळ कोसळलं?"

"मारा हवं तर, वस्ताद... पण हात वर करायला सांगू नका."

"मी कधी सांगितलं?"

"आत्ता. फाटकावरून."

"मी तर तुझी बोंब ऐकून येतोय." सुर्दिनसने कोमिनियसकडे पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली. तोही काही बोलला नव्हता.

"कुणाच्या खांबावर होतास?" सुर्दिनसने हळूच विचारलं.

वेट्टियसने नाव सांगितलं. वस्तादाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अडसर घाल, कोमिनियस. लवकर!"

अडसर वरच्या आकड्याला टांगलेला होता. म्हाताऱ्याने तो काढायला हात उंच केला... आणि तसाच थांबला.

"वस्ताद," तो कुजबुजला, "माझ्या बगलेत हे गार काय लागतंय?"