दुपारची वाफ

हे वाचून कुणी म्हणेल, रचून सांगतोय. म्हणू दे. माझी बायको सोनिया साक्षीला आहे. दवाखान्याचे कागद कपाटात आहेत. मी शिवराज. नाव बदलून लिहिण्याची मला गरज वाटली नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं.

छत्रपती संभाजीनगर, सातारा परिसर. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं भाड्याचं घर.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं…

पण आधी मायबद्दल सांगतो.

माझी माय आवडाबाई. पाचोडची. चाळीस वर्षं चुलीपुढं बसली आणि छाती धुरानं खाल्ली. चार पावलं चालली की धाप लागायची. गावात भाऊ आहे, फकिरा. पण तिथं धूळ, धूर, सोयाबीनचं भुसकट. डॉक्टर म्हणाले, तिकडं ठेवू नका. म्हणून मी तिला शहरात आणलं.

डॉक्टर धम्मपाल साळवे. शांत माणूस. त्यांनीच नेब्युलायझरचं मशीन घ्यायला सांगितलं. माय त्याला 'वाफ' म्हणायची. मी लाख वेळा सांगितलं की ही पाण्याची वाफ नाही, औषध आहे. तिला ते पटत नसे.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं.

"दिवसातून तीनदा. एका वेळी एकच कुपी. पाठ ताठ ठेवून बसवायचं, झोपवून द्यायचं नाही. मास्क नाकातोंडावर नीट बसला पाहिजे. झाल्यावर कप आणि मास्क धुऊन वाळवायचा. आणि एक लक्षात ठेवा शिवराज, बरं वाटतं म्हणून मनानं जास्त द्यायचं नाही. या औषधानं छाती मोकळी होते, पण जास्त झालं की काळीज धावायला लागतं. आराम पडला नाही तर पुन्हा पुन्हा लावत बसू नका. सरळ इकडं आणा."

आमचं गणित बसलं होतं. सकाळी सातला मी द्यायचो. मग वाळूजला कंपनीत. सोनिया शाळेत शिकवते, ती पाचला येऊन दुसरी द्यायची. रात्री दहाला तिसरी.

मधली दुपार माय एकटी असायची. मशीनच्या बटणाला तिनं कधी हात लावला नाही. तिला त्याची भीती वाटायची.

सप्टेंबरच्या शेवटी सोनिया म्हणाली,

"अहो, आत्याबाईंचे हात थरथरतात. आज बशीतला चहा सगळा लुगड्यावर सांडला."

मी मायच्या छातीला हात लावला.

आत काहीतरी धडधडत होतं. पळून आलेल्या माणसासारखं…

"माय, काही होतंय का?"

"नाय रे. उलट लई मोकळं वाटतंय. ती दुपारची वाफ चांगली लागू पडली."

मी सोनियाकडं पाहिलं. सोनियानं माझ्याकडं.

"दुपारची कोणती वाफ?"

"आशाबाई देतात ती. तुम्हीच ठेवली ना ती बाई?"

मला वाटलं, सोनियानं कुणी बाई ठेवली. सोनियाला वाटलं, मी ठेवली. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात एकमेकांना विचारलं.

कुणीच ठेवली नव्हती.

खाली कारभारीमामा वॉचमन. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "दुपारी वर कुणीच जात नाय. जिन्याच्या तोंडाशीच तर माझी खुर्ची." तळमजल्यावर कालिंदीकाकू राहतात. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडं असते. त्या दिवसभर दार उघडं टाकून बसतात. त्यांनीही कुणा बाईला पाहिलं नव्हतं.

मायला विचारलं, दिसते कशी ती?

"पांढरं लुगडं. हात गार असतात. लई मायाळू हाये. डोक्यावरून हात फिरवती."

म्हातारपणात भास होतात. मीही तेच म्हणालो. औषधाच्या कुप्या, मास्क, कप, सगळं लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात घातली. मशीन तेवढं फडताळावर टॉवेल टाकून ठेवलं.

तो शुक्रवार होता, ४ ऑक्टोबर. आमच्याकडं दुरुस्तीसाठी सकाळी दहापासून वीज नव्हती. ती आली संध्याकाळी साडेपाचला. आमच्या मशीनला बॅटरी नाही.

सोनिया पाचला घरी आली. मायच्या गालांवर मास्कच्या कडांचा लाल वळ होता.

ताजा…

पलंगाखाली एक रिकामी कुपी पडली होती. शाई पुसलेली. फक्त मुदतीचं साल वाचता आलं.

२०११.

मी ती कुपी घेऊन साळवे डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. त्यांचा चेहरा कडक झाला.

"मुदत संपलेलं औषध कुठून आणलं? हे देऊ नका. उघडलेली कुपीसुद्धा ठेवायची नाही, लगेच फेकायची."

मी कुपी तिथंच फेकली आणि घरी आलो.

दोन दिवस रजा टाकली. दोन्ही दुपारी मायच्या पलंगाजवळ बसून राहिलो. कुणी आलं नाही. माय मात्र सारखी दाराकडं बघत होती. दुसऱ्या दिवशी तर माझ्यावर चिडली.

"तू बसल्यावर ती कशाला येईल?"

तिसऱ्या दिवशी रजा मिळाली नाही. सोनियाच्या शाळेत परीक्षा चालू होती. मग आम्ही खोलीत कॅमेरा लावला. मोबाइलवर दिसायचं सगळं. स्वस्तातला होता, आवाज येत नव्हता.

मंगळवार उजाडला.

सातला मीच वाफ दिली. कपाटाला कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

दोन वीसला चहाची सुट्टी झाली. मी शेडच्या बाहेर येऊन मोबाइल उघडला.

माय पलंगावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, डोळे मिटलेले. तोंडावर काहीच नव्हतं. मशीन टॉवेलखाली होतं. त्याची वायर खाली लोंबकळत होती, प्लग मोकळा.

मला हायसं वाटलं.

तेवढ्यात मायनं डोळे उघडले. उजवीकडं मान वर करून पाहिलं. बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडं आपण पाहतो तसं.

आणि हसली…

मी लगेच फोन लावला. तिनं उशीजवळचा फोन उचलला.

"माय, काय करतीस?"

"वाफ घेऊ लागले."

तिचा आवाज दबका येत होता. मास्कच्या आतून येतो तसा. मी पुन्हा पडद्यावर पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. ओठ हललेले मला स्पष्ट दिसत होते.

आणि तिच्या आवाजामागं…

घर्रर्रर्र…

आमच्या मशीनचा आवाज. मी तो झोपेतही ओळखतो. पडद्यावर मशीनचा प्लग मोकळा लोंबकळत होता.

"माय, ते काढ! तोंडावरचं काढ आधी. खाली काकूंकडं जा."

"अरं, ओरडतोस कशाला? लई बरं वाटतंय. आशाबाई हायेत ना इथं."

मग दुसरा आवाज आला.

फोनच्या अगदी जवळून. मऊ. लहान लेकराला समजवावं तसा.

"अजून एक घेऊ या आजी… काही होत नाही."

त्या आवाजात राग नव्हता, धमकी नव्हती. तो प्रेमानं बोलत होता. मी ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले. म्हणालो, बाई, नका देऊ, तिचं काळीज सोसणार नाही.

पलीकडं नुसती घरघर. पडद्यावर मायचे हात थरथरायला लागले होते. मग फोन तिच्या हातातून गळून पडला.

मी वीस किलोमीटरवर होतो. मोबाइलमध्ये बघत होतो. हात घालून तिला धरता येत नव्हतं.

कालिंदीकाकूंना फोन केला. म्हटलं, किल्ली घेऊन पळा. साठी उलटलेली बाई, तीन मजले चढायचे. मी पडद्यावर दाराकडं बघत राहिलो. एक मिनिट. दोन मिनिटं. शेवटी दार उघडलं. काकू दारातच थबकल्या. हात पुढं करून चाचपडायला लागल्या.

त्यांचा फोन अजून चालू होता.

"शिवराज, खोलीत केवढा धूर आहे रे! मला आवडाबाई दिसतच नाहीत…"

माझ्या पडद्यावर खोली स्वच्छ होती. उन्हात पलंग दिसत होता, माय दिसत होती. काकू तिच्यापासून चार हातांवर उभ्या राहून आंधळ्यासारख्या हात फिरवत होत्या.

"काकू, समोर! सरळ समोर या! अजून दोन पावलं!"

मी वाळूजमधून त्यांना वाट सांगत होतो. असलं काही कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गेटवर पास मागितला. पासावर सही हवी होती. सहीवाले साहेब मीटिंगमध्ये होते. मी गेटवरून उडी मारली की वॉचमनला ढकललं, आता आठवत नाही. गोलवाडीच्या पुलावर ट्रक अडकून पडले होते. मी गाडी बाजूला लावली, अर्धा किलोमीटर पळत गेलो आणि पुलापलीकडं रिक्षा पकडली.

काकूंनी आणि कारभारीमामांनी मायला रिक्षात घालून साळवे डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तिच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या. नाडी एकशे साठच्या वर.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"आज किती कुप्या दिल्या?"

"एकच, सकाळी सातला."

"एका कुपीनं असं होत नाही. चार-पाच तरी गेल्या असतील. रक्तातलं पोटॅशियम उतरलंय, ठोके बिघडलेत. तुम्ही खरं सांगितलं तर मला उपचार करता येतील."

"डॉक्टर, खरंच एकच."

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्या नजरेत मी आईला घाईघाईत भरमसाट औषध पाजणारा पोरगा होतो. काकू कोपऱ्यात बसून पदरानं तोंड पुसत होत्या. त्यांच्या केसांवर बारीक ओल होती. पदराला औषधाचा वास येत होता.

रात्री घरी जाऊन कपाट उघडलं. कुप्या मोजल्या. एकही कमी नव्हती.

माय चार दिवसांनी घरी आली. त्या घरी नाही. आम्ही महिना संपायच्या आधीच तीसगावला दुसरं घर घेतलं. सोनियानं शाळा सोडली. माय परत एकटी राहिली नाही.

मला वाटलं होतं, कुणीतरी सांगेल, या घरात पूर्वी अशी अशी बाई होती, तिचं असं असं झालं. मी घरमालकाला विचारलं, आधीच्या भाडेकरूंना शोधून फोन केले. आशाबाई नावाची कुणीच तिथं कधी नव्हती. राहायला नाही, कामाला नाही.

डॉक्टरांनी नवीन नियम घातला होता. "त्यांच्या ठोक्यांचा आता भरवसा नाही. दम उसळला तर घरी एकच कुपी. दुसरी लावायची नाही, गाडीत घालायचं."

१९ डिसेंबर. सकाळी अकराला मायचा दम उसळला. थंडी होती. ओठ निळसर पडले. मी तिला ताठ बसवलं, मास्क लावला, एक कुपी दिली. दहा मिनिटं. वाफ संपली.

आराम पडला नाही.

सोनिया रिक्षा आणायला धावली. माय माझ्या शर्टाला धरून बोट वर करत होती. एक. अजून एक.

"माय, दवाखान्यात देतील. निघालो आपण."

रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एकेक शब्द ती छातीतून उपसून काढत होती.

"दे… ना रे."

"नाही देता येत, माय."

तिनं माझा शर्ट सोडला. तोंड दुसरीकडं वळवलं.

"तू… नाय देत. ती तरी… द्यायची."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. दुपारी एक दहाला गेली.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरोबर केलं, फुप्फुसच थकलं होतं. मी मान हलवली. बरोबर केलं असेलही. पण मायनं तोंड वळवलं ते माझ्यापासून.

यंदा फेब्रुवारीत मलाच खोकल्यानं धरलं. छातीत शिट्टी वाजायला लागली. साळवे डॉक्टरांनी तेच औषध दिलं. मी सोनियाला समोर बसवल्याशिवाय मास्क लावत नाही. ती हसते, पण बसते.

आज ती करमाडला माहेरी गेली आहे. चुलतबहिणीचं लग्न. उद्या येईल.

मी घरी एकटा आहे. सकाळी अकराला औषध घेतलं. पुढचं पाचला. आता साडेतीन झालेत आणि छाती आवळून आली आहे. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बोलताना धाप लागत नाही ना? मग पाचपर्यंत थांबा, त्याआधी वाढलं तर लगेच निघून या.

वेळ काढायला हे लिहायला बसलो.

घरात काहीच आवाज नाही. कुणी आलेलं नाही. तशी भीतीही वाटत नाही मला.

भीती वेगळीच आहे. मघाशी खोकल्याची मोठी उबळ आली, डोळ्यांपुढं अंधारलं. तेव्हा माझ्या तोंडून आपसूक एक हाक निघता निघता राहिली…

मी तोंडावर हात दाबून धरला.

ती हाक सोनियाला नव्हती. मायलाही नव्हती.

पाचला अजून दीड तास आहे.