चार दहाचं उड्डाण

भाऊजींनी कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचं ठरवलं, म्हणून त्या दुपारी मी त्यातले फोटो काढून घ्यायला बसले. हे गेल्यापासून आठ महिने त्याच्यावर जुनी चादर टाकलेली होती. चादर काढली, बटण दाबलं, तर फोटोंच्या आधी उघडला तो यांचा खेळ.

माझा नवरा कामावरून आला की तासभर हेलिकॉप्टर चालवायचा. खेळ युद्धाचा. पन्नास-साठ माणसं आपापल्या घरून एकाच रणांगणावर उतरतात आणि हेडफोन लावून एकमेकांशी बोलतात. यांना बंदुकीत रस नव्हता. हे सैनिकांना नुसते न्यायचे-आणायचे. "युद्धात टॅक्सी चालवतो मी," म्हणायचे.

पडद्यावर यांच्या उड्डाणांची नोंद होती. शेवटचं उड्डाण काल, दुपारी चार दहा. कालावधी सात मिनिटं. प्रवासी शून्य.

आदल्या दिवशीही तेच होतं. त्याच्या आदल्या दिवशीही. मी खाली खाली सरकत गेले. आठ महिन्यांत एक दिवस सुटला नव्हता.

मी भाऊजींना फोन लावला.

"यांच्या नावाने तुम्ही खेळता का हो?"

"मी? वहिनी, मला अजून स्कूटर धड स्टँडवर लावता येत नाही."

"पासवर्ड तुम्हालाच माहीत आहे."

"सगळ्या खानदानाला माहीत आहे. लग्नाची तारीख." मग म्हणाले, "बदलून टाका ना. सोक्षमोक्ष लागेल."

मी बदलला. नवीन शब्द कागदावरसुद्धा लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी चार दहाला उड्डाण झालंच.

तरी संशय भाऊजींवरून हटेना. त्यांच्याकडे आमच्या घराची किल्ली होती. हे गेल्यावर दोन दिवस तेच या खुर्चीत बसून कागदपत्रं शोधत होते. माणूस दुःखात वेडंवाकडं काही करतो, पण माझ्या नवऱ्याचं नाव वापरून करू नये. म्हटलं, रंगेहाथ पकडायचं. नोंदीत उतरण्याची जागा दिली होती, एका डोंगराचा माथा. तिथे रस्ता जात नव्हता. पोचायचं तर उडायला शिकणं भाग होतं.

मी वेगळ्या नावाने यांच्याच तुकडीत भरती झाले. नवख्यांना शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. खरा धंदा क्रेन चालवण्याचा. "दिवसभर लोंबकळणारी वजनंच सांभाळतो, ताई," ते म्हणाले. "हात हलका ठेवा. हेलिकॉप्टर म्हणजे ताटातली गोटी. ढकलली की उशिरा ऐकते, आणि ऐकली की थांबत नाही."

पहिले चार दिवस मी फक्त आपटले. झाडांवर, छपरांवर, एकदा तर मास्तरांवरच.

"हरकत नाही," ते म्हणाले. "घरी बायको रोज हेच करते."

सरळ खाली उतरायला गेलं की आपल्याच पंख्याच्या वाऱ्यात बुडतो, म्हणून पुढे सरकत उतरायचं, हे पाचव्या दिवशी हाताला कळलं. एक नियम मात्र त्यांनी पहिल्यापासून घोटून घेतला. उडण्याआधी पायलट विचारणार, "मागे किती?" मागे बसलेल्यांनी एक, दोन, तीन असं म्हणायचं. गिनती पुरी झाल्याशिवाय जमीन सोडायची नाही. कधी ते पायलट, मी मागे, कधी उलट. नवव्या दिवसापर्यंत प्रश्न कानावर पडला की उत्तर आपोआप तोंडातून निघू लागलं.

"हा नियम कुणाचा?" मी विचारलं.

"आमच्या एका जुन्या पायलटचा. पूर्वी फार गप्पिष्ट होता. आता येतो, पण बोलत नाही." मास्तरांचा आवाज खाली आला. "चार दहाला डोंगरावर दिसतो. पंखा फिरता ठेवून सात मिनिटं उभा राहतो. मग जातो. आम्ही पुष्कळ हाका मारल्या... नंतर सोडून दिलं."

सात मिनिटं. नोंदीत तो आकडा मी रोज वाचत होते, पण कुणीतरी वाट बघत उभं आहे, हे तोवर ऐकलं नव्हतं.

हे गेले त्या दिवशी गाडी सुरू करून खाली थांबले होते. आमचं दोघांचं जायचं ठरलं होतं, पण सकाळच्या भांडणाचा राग माझ्या मनातून गेला नव्हता. यांनी दोनदा हॉर्न वाजवला. मी खिडकीआड उभी राहून घड्याळ बघत होते. चार दहा ते चार सतरा. मग खिडकीतून म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे." गाडी पुढच्या वळणापर्यंतच गेली.

ती सात मिनिटं मी कुणालाच सांगितलेली नाहीत. भाऊजींनाही नाही.

दहाव्या दुपारी मी एकटीच उडाले. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डोंगरावर पोचले तर यांचं हेलिकॉप्टर आधीच उतरलेलं. पंखा फिरत होता. मागचं दार उघडं. पायलटच्या जागी कुणीच नव्हतं.

मी पलीकडे अलगद उतरले. खोलीत उन्हात तापलेल्या गाडीतल्या सीटसारखा वास आला. हेडफोनमध्ये दोनदा हॉर्न वाजला. मी हेडफोन काढून खिडकीतून खाली बघितलं. रस्ता रिकामा. परत लावला.

"मागे किती?"

"मास्तर... तुम्ही बोललात?" असं मी विचारायला हवं होतं. नऊ दिवसांची सवय आधी बोलून गेली.

"एक," मी म्हणाले.

समोरच्या हेलिकॉप्टरचं मागचं दार बंद झालं. हेलिकॉप्टर पुढे सरकत, अगदी हलक्या हाताने उचललं गेलं. माझ्या तळव्यांखालची फरशी किंचित थरथरली, की मीच, कोण जाणे. मी भिंतीतली वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी भाऊजी कॉम्प्युटर घेऊन गेले. त्यातलं सगळं पुसून तो शाळेला दिला. मी त्यांना पाणी दिलं आणि मनातल्या मनात माफी मागितली. मास्तरांना मी कोण ते फोनवर सांगितलं. हे कधी गेले, तेही.

काल दुपारी त्यांचाच फोन आला.

"ताई, यजमानांचं उड्डाण अजून उतरलेलं नाही. दहा दिवस झाले. प्रवासी एक, असंच दाखवतंय."

"मी तो खेळ सोडला, मास्तर."

"तेच विचारायचं होतं... आत्ता मी हेडफोन लावून बसलोय. ते पुन्हा बोलायला लागलेत. आणि मागून कुणीतरी हसतंय."

"कोण?"

"आवाज तुमचा आहे, ताई."

मी आठ महिन्यांत एकदाही हसले नव्हते. घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती.