जीवखड्याची ऊब

लाव्हा बघायच्या हाइकची तयारी म्हणजे जाड तळाचे बूट, रेनकोट, पाणी, खाणं आणि ज्वालामुखीची मर्जी. पहिल्या चार गोष्टी ह्यूस्टनशेजारच्या आमच्या शुगर लँडमध्ये कुठल्याही मॉलमध्ये मिळतात. पाचवीसाठी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते. स्क्रीनवर हवाईच्या ज्वालामुखीचा लाइव्ह कॅमेरा चालू होता. करडं विवर, थोडी वाफ, बाकी काही नाही. लाव्हा थांबला होता. तो अधूनमधून वाहतो, मग थांबतो, परत कधी सुरू होईल ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

"शंतनूला घेऊन हवाईला? फार बरं केलंस," हिमानी फोनवर म्हणाली. महाराष्ट्र मंडळातली माझी जुनी मैत्रीण. "त्याला चेंज हवाच होता. अरुण गेल्यापासून तुझा पोरगा घराबाहेर पडला नाहीये, यार. मी दशम्या करून देते, तिकडे व्हेजची बोंब असते."

मी हो म्हटलं. खरं कारण सांगितलं असतं तर तिने दशम्यांऐवजी सायकियाट्रिस्टचा नंबर दिला असता. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. जन्मभर मी ॲनेस्थेशिया देत आले. माणूस काय म्हणतो यापेक्षा मॉनिटरवरचा आकडा काय म्हणतो, यावर माझा विश्वास. पण आता आकडाच वेड्यासारखं बोलायला लागला होता.

अरुण, माझा नवरा, फेब्रुवारीत गेला. झोपेतच, कुणाला त्रास न देता. स्वभावच तसा होता त्याचा. ह्यूस्टनच्या क्रिमेटोरियममध्ये एक बटण दाबलं की सगळं उरकतं. पण चारुदत्त गुरुजी म्हणाले, "काकू, मडकं नसलं तरी चालेल, ॲडजस्ट करू. जीवखडा मात्र लागेल. गेलेल्याचा जीव त्यात असतो, दहा दिवस तिलांजली त्याच्यावरच द्यायची." चारुदत्त सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि वीकेंडला गुरुजी. बिचारा अरुणसाठी सुट्टी काढून आला होता.

शुगर लँडच्या जमिनीत खडा मिळत नाही. सगळी चिकणमाती. बागेसाठीसुद्धा दगड पोत्याने विकत आणावे लागतात. गुरुजींचा मुहूर्त टळत होता. शंतनू आत गेला आणि अरुणच्या स्टडीतल्या शेल्फवरचा काळा दगड घेऊन आला.

तो दगड हवाईचा. शंतनू शाळेत असताना आम्ही तिघं तिथे लाव्हा बघायला गेलो होतो. तेव्हा थिजलेल्या काळ्या पापुद्र्यावरून चालत अगदी जवळ जाता यायचं. इथून दगड उचलू नका, असा बोर्ड होता. अरुण ऑइल कंपनीतला जिऑलॉजिस्ट, त्याला कोण अडवणार? "एवढ्या डोंगरातला एक खडा गेला तर डोंगर काय पोलिसांत जाणार आहे?" म्हणत त्याने तो खिशात टाकला होता.

त्याच दगडावर दहा दिवस तीळ-पाणी घातलं. दहाव्याला आम्ही सगळ्यांनी तेल घातलं. मग शंतनू तो ब्राझोस नदीत सोडायला गेला. गुरुजींची ऑफिसची मीटिंग होती, म्हणून तो एकटाच गेला.

एप्रिलमध्ये टेक्सासचा उन्हाळा सुरू झाला आणि शंतनू हुडी घालून फिरायला लागला. चहाचा कप देताना त्याची बोटं लागली, ती गार होती. थर्मामीटर लावला: पंचाण्णव. मी दुसरा थर्मामीटर आणला. तोही तेच म्हणाला.

थायरॉइड, रक्त, स्कॅन, सगळं केलं. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी फाइल उलटीपालटी करून पाहिली. "रिपोर्ट्स परफेक्ट आहेत, नीलांबरी." इमर्जन्सीत नेलं, तेव्हा त्यांनी गरम ब्लँकेट दिलं, गरम सलाइन दिलं. ते काढलं की आकडा परत खाली. मे महिन्यात तो त्र्याण्णववर आला. नव्वदच्या खाली हृदय कसं वागतं ते मी पाहिलेलं आहे, आणि पोटच्या पोराच्या बाबतीत ते मला पाहायचं नव्हतं.

त्याच्या पलंगावरची चादर बदलताना उशीखाली हात गेला. तिथे तो काळा दगड होता. कोमट.

"आय कुडंट, आई," शंतनू म्हणाला. सव्वीस वर्षांचा मुलगा, दारात उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. "नदीत मी दुकानातून आणलेला बागेचा दगड टाकला. हा गरम होता. फील इट. बाबांचा हात असाच असायचा."

मी दगड हातात घेतला. असाच असायचा.

कोविडच्या काळातला कपाळाचा थर्मामीटर ड्रॉवरमध्ये होता. दगडासमोर धरला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. उन्हातही तेवढंच, पंख्याखालीही तेवढंच. मी डॉक्टर, म्हटलं प्रयोग करून बघू. दगड फ्रीजमध्ये ठेवला आणि भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने वरून कसला तरी कडकड आवाज यायला लागला. मी धावत वर गेले. शंतनूचे दात वाजत होते. ओठ निळे पडले होते. मी खाली येऊन फ्रीजमधून दगड काढला, पदरात गुंडाळला, पोटाशी धरून बसले. त्यानंतर आवाज थांबला.

मी चारुदत्तला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तो वाहत्यात सोडायलाच हवा. त्याशिवाय सुटका नाही."

"फ्रीजने त्याची ही गत झाली. नदीने काय होईल?"

तो म्हणाला, "खडा आणला कुठून होता?"

मी सांगितलं. पलीकडे तो कीबोर्डवर काहीतरी शोधायला लागला.

"जीवखडा कोरा हवा असतो, काकू, आधी कुणाचाच नसलेला," तो म्हणाला, आणि मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

त्या दुपारी मी अरुणच्या स्टडीत बसून राहिले. शेल्फवर दगडाची जागा रिकामी, शेजारी आमचा जुना फोटो. तिघं घामाघूम, मागे लाल ओघ. वाहतं हवं, पण गार नको. जगात असं एकच काही मला ठाऊक होतं, आणि ते माझ्यासमोर फोटोत वाहत होतं.

म्हणून ही हाइक. आता थेट लाव्हाजवळ जाऊ देत नाहीत. विवराच्या कडेवरून बघायचं. कडेपर्यंत जुन्या बंद रस्त्याने पायी जावं लागतं. लाव्हा वाहायला लागेपर्यंत घरी वाट बघण्याइतका वेळ माझ्यापाशी नव्हता. तिकिटं काढली.

बेटावर पोचलो तर ज्वालामुखी स्वस्थ. डोंगरावरच्या गावात एक घर भाड्याने घेतलं होतं. सतत पाऊस, धुकं, ओल्या नेच्यांचा वास. शंतनू हीटरला टेकून झोपायचा, दगड छातीशी. एक्क्याण्णव. मी देवाधर्मातली नाही, पण त्या घरात मी लॅपटॉपसमोर हात जोडले. करड्या स्क्रीनला विनवलं, वाहा गं बाई, एकदा वाहा.

एका सकाळी घराच्या खिडक्या बारीक थरथरल्या. स्क्रीन लाल झाली होती.

ज्वालामुखीच्या पार्कमध्ये ही गर्दी. लोक पोरांना खांद्यावर घेऊन, सँडविच खात चालले होते. हवेत गंधकाचा वास होता. वाऱ्यावरून काचेचे केसासारखे बारीक धागे येऊन रेनकोटवर चिकटत होते. सुरुवातीला शंतनू माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होता. अर्ध्या वाटेवर त्याने हात काढून घेतला. पुढे रेनकोट काढला. मग हुडी.

"आई, आय ॲम हॉट," तो म्हणाला आणि हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

कडेवर पोचलो. समोर दूर लाल कारंजं उसळत होतं आणि खाली विवराच्या तळावर त्याचा ओघ सगळीकडे पसरत होता. आवाज समुद्रासारखा. तोंडाला धग लागत होती.

"दे," मी म्हणाले.

त्याने दगड छातीशी धरला. "ही विल बी अलोन, आई."

"शंतनू, गेलेल्या माणसाला ऊब देता देता तू गार पडतोयस. बाबांना हे चाललं असतं?"

"पण आतमध्ये बाबाच आहेत का?" तो हळूच म्हणाला. "कधीकधी मला वाटतं, दुसरंच कुणीतरी आहे."

मी त्याच्या हातातून दगड काढून घेतला. गर्दी कारंज्याचे फोटो काढत होती, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कठड्यावरून वाकून सगळ्या ताकदीने फेकला.

हातातून सुटताना तो क्षणभर अडला. गुंगी चढताना पेशंट आपलं बोट धरून ठेवतात, तसा.

मग सुटला. कुठे पडला ते दिसलं नाही.

मी मागे वळले. शंतनूचं कपाळ घामाने भिजलं होतं. थर्मामीटर लावला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. मी तिथेच, सगळ्या टूरिस्टांच्या देखत, हमसाहमशी रडले.

त्याला आता बरेच आठवडे झाले. लाव्हाही तेव्हापासून वाहतोच आहे, थांबलेला नाही. शंतनू कामावर जायला लागला, चापून जेवायला लागला. मी थर्मामीटर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. लाइव्ह कॅमेरा मात्र अजून लावते, स्वयंपाक करताना सोबत म्हणून.

आज सकाळीच घरातला एसी बंद पडला. दुरुस्त करणारा माणूस संध्याकाळी येणार आहे. ह्यूस्टनचा ऑगस्ट. कणीक मळताना घाम टपटप गळत होता. घाम पुसायला मान वर केली, तर लॅपटॉपची स्क्रीन करडी दिसली. विवर, थोडी वाफ. मला वाटलं, कॅमेरा अडकला. बटण दाबून परत लावला.

करडी.

वरून शंतनूची हाक आली. आवाज अगदी खुशीत होता.

"आई, एसी दुरुस्त झाला का गं? मस्त गार वाटतंय."