अकरा लाख घरांतला एक आवाज

"एकच गोष्ट दोनदा घडवू नकोस, ऊर्मिला. एकदाच नीट घडव, मग लागेल तिथे वापर." काम शिकवणाऱ्या देवस्थळे सरांचं हे सांगणं ऊर्मिलाने इतकं मनापासून पाळलं, की आज अकरा लाख घरांतल्या भिंती तिच्याच आवाजात बोलत होत्या.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी तेव्हा सोबतभिंत असे. ही भिंत म्हणजे एक वेबसाइटच, बोलणारी, ऐकणारी. तिची पानं तयार तुकडे जोडून केलेली. गोळ्यांची आठवण देणारा एक तुकडा, सकाळी तिथी-वार सांगणारा दुसरा. या तुकड्यांना घटक म्हणत. मोदकाच्या साच्यासारखंच काहीसं, पण साच्यातून सुटलेला मोदक साच्याला विसरतो. घटकाची प्रत मात्र कायम मुळाला धरून असते. मुळात एक शब्द बदलला, की त्याच क्षणी घरोघरी बदलतो.

ऊर्मिलाचा घटक होता, 'जेवलात का?' सहा वर्षांपूर्वी तिने तो स्वतःच्या आवाजात केला. नावाची आणि वेळेची जागा रिकामी ठेवली. ती ज्या त्या घरी भरली जाई. उलट कुणी विचारलंच, तर भिंतीने खोटं बोलू नये म्हणून उत्तर ठेवलं, "नाही, मी नाही जेवले."

घात झाला तो इथेच. हळूहळू माणसं भिंतीला उलट विचारू लागली, आणि चारशे सहा घरांत जेवेनाशी झाली.

मेढ्याच्या द्वारकाबाईंचं वजन नऊ किलोंनी उतरलं. आणखी आठवडाभर असंच चाललं तर हाती लागायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी कळवलं, तेव्हा ऊर्मिलाने साताऱ्याच्या कचेरीतून स्वतः फोन लावला.

"आजी, जेवत का नाही?"

"दूध घेते की. घरात कुणी उपाशी असताना अन्नाचा घास घ्यायचा नाही, हा माझा नेम आहे, लग्न झाल्यापासूनचा. आणि तू रोज म्हणतेस, नाही जेवले."

"ती मी नाही हो, आजी. तो माझा साठवलेला आवाज. सहा वर्षांपूर्वीचा."



"सहा वर्षं उपाशी आहेस, पोरी?"

ऊर्मिलाला हसू आलं. "भिंतीला पोट नसतं, आजी."

"पोट नाही, तर मग माझ्या पोटाची चौकशी कशाला करते? जो विचारतो तो घरचाच. मला एवढंच कळतं."

शेजारी बसलेला तिचा सहकारी हेरंब हळूच म्हणाला, "एक ओळ बदल ना. 'हो, जेवले' म्हणू दे. सगळे जेवतील."

द्वारकाबाईंचे कान तिखट होते. "कोण रे तो? शहाणाच दिसतोय! बाकीच्यांचं काय ते तुम्ही बघा. मला आता कळलंय, मला नाही ती भिंत फसवायची. तू ये. माझ्यासमोर चार घास खा, मग मी खाते."

"येते, आजी. आजच येते."

"भाताचं आधण ठेवते मग."

फोन ठेवून ऊर्मिलाने देवाचं नाव घेतलं आणि माइक ओढला. दीड वाजला होता, सकाळपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं. "हो, मी जेवले," ती म्हणाली. मूळ बदललं. अकरा लाख घरांत बदललं.

थोड्याच वेळात पडद्यावर खबर येऊ लागली. ताटं वाढली जात होती. नव्वद. दोनशे दहा. हेरंबने एका घरचा आवाज लावला. एक आजोबा भिंतीला म्हणत होते, "जेवलीस? पोटभर ना? मग बसतो हो मी. सुखी राहा, बाळ."

हेरंबने टाळीसाठी हात उचलला. तिने हात पुढे केला नाही.

"अगं, वाचली ना माणसं!"

"वाचली. उद्या परत विचारतील. परत मी हो म्हणेन. मी मेले तरी म्हणेन."

 चारशे पाचवर आकडा थांबला. हेरंब आपला डबा तिच्यापुढे सरकवत म्हणाला, "मेथीची भाजी आहे. दोन घास खा, मग जा."

"नको रे. तिथेच जेवायचंय."

तिने पर्स खांद्याला लावली, चप्पल घातली आणि मेढ्याची गाडी किती वाजता आहे ते विचारत ती जिना उतरू लागली.