संपर्कवहीतली सतरावी नोंद

मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. राज्याच्या राजधानीत, हेलेना येथील विधानभवनाच्या तिसऱ्या मजल्यावर शिक्षण समितीच्या खोलीत चौतीस माणसे बसली होती, आणि बहुतेकांचे डोळे एकाच माणसाच्या बुटांकडे लागले होते. त्या बुटांवरचा बर्फ वितळून गालिच्यावर एक लहानसे तळे साचू लागले होते.

"नाव?" अध्यक्षांनी विचारले.

"वेस हाल्वर्सन. टॅमरॅक भागातल्या रस्त्यांवरचा बर्फ मी काढतो. म्हणजे मी आणि माझी आठ माणसं."

"विधेयकाच्या बाजूने, की विरोधात?"

"ते नंतर सांगतो. आधी मला पान सदतीसवरच्या तळटिपेबद्दल बोलायचंय."

भिंतीलगत बसलेल्या लेनोरा पेट्रिचच्या हातातली पेन्सिल थबकली. तो अहवाल तिचा होता. राज्य अर्थअभ्यास केंद्रात ती दहा वर्षे काम करीत होती. हे केंद्र कोणत्याही पक्षाचे नव्हते आणि म्हणूनच दोन्ही पक्ष त्याच्याकडे आकडे मागत. या वेळचे विधेयक साधे होते: पंधरा मैलांच्या आत दुसरी शाळा असेल, तर लहान शाळा तिच्यात विलीन करावी. अशा शाळा लेनोराने मोजल्या होत्या चौदा आणि वर्षाची बचत बासष्ट लाख डॉलर. या दहा वर्षांत तिने शेकडो तळटिपा लिहिल्या होत्या. त्यांतली एकही कुणी मोठ्याने वाचल्याचे तिला आठवत नव्हते.

"इथं लिहिलंय, 'अंतर सरळ रेषेत मोजले आहे.' आमच्या टॅमरॅकची शाळा आणि बेलक्रीकची शाळा, सरळ रेषेत अकरा मैल. कबूल. पण मधे डोंगर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल खिंड बंद असते. तेव्हा गरुडाला अकरा मैल आणि शाळेच्या बसला वळसा घालून त्रेचाळीस." तो थांबला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "आमच्याकडे एकोणतीस मुलं आहेत. माझी भाची ओपल सात वर्षांची आहे. ती अंधारात निघणार आणि अंधारात परतणार... अहवाल छान आहे हो. फक्त एकदा येऊन बघायला हवं होतं."

सभा संपल्यावर लेनोराने त्याला जिन्याजवळ गाठले.

"तळटीप वाचलीत तुम्ही?"

"का? वाचायची नसते?"

"असते... पण वाचत नाही कुणी."

"मागच्या आठवड्यात दरड कोसळली, तिच्या अलीकडे चार तास अडकलो होतो. सोबतीला तुमचा अहवाल आणि एक सँडविच. सँडविच लवकर संपलं."

ती हसली. लगेच सावरली. "तुमचं नाव मला वहीत लिहावं लागेल."

"दंड बसणार?"

"नियम आहे. विधेयकाशी ज्याचा काही संबंध आहे, अशा कुणाशीही बोललं की तारीख, वेळ आणि विषय लिहायचा. कुणीही येऊन ती वही बघू शकतं."

"मग विषय काय लिहाल?"

"तळटीप."

"आणि तुम्ही हसलात, ते?"

लेनोराने पिशवीचा पट्टा उगाचच सारखा केला. "त्यासाठी रकाना नाही," ती म्हणाली.

पुढच्या बुधवारी ती टॅमरॅकला गेली. वेसच्या बर्फ काढणाऱ्या गाडीच्या उंच केबिनमध्ये बसून तिने प्रथम खिंडीचे बंद फाटक पाहिले. पलीकडे कड्यामागून धुराची एक बारीक रेघ वर चढत होती.

"ते बेलक्रीक," वेस म्हणाला.

"किती जवळ दिसतंय..."

"म्हणूनच फसलात."

मग वळसा सुरू झाला. काचेवर बर्फाचे कण टिकटिक आपटत होते. गाडीपुढचे पोलादी पाते रस्ता खरवडीत चालले होते, आणि त्या खरखरीतूनही वेसचे बोलणे सावकाश चालू होते. कोणता बर्फ साखरेसारखा, कोणता ओल्या कणकेसारखा, कोणता दिसतच नाही आणि म्हणून सर्वांत वाईट. तिचे हात गारठलेले पाहून त्याने काही न बोलता आपले हातमोजे गरम हवेच्या झरोक्यावर ठेवले आणि ते ऊबदार झाल्यावर तिच्या मांडीवर टाकले. त्यांना डिझेलचा आणि देवदाराच्या लाकडाचा वास होता.

"तुम्हाला काय वाटतं? शाळा राहावी?"

"केंद्राला काही वाटत नाही."

"केंद्राला नाही विचारलं."

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. "आम्ही आकडा द्यायचा. निवड त्यांनी करायची, ज्यांना लोकांनी निवडून दिलंय. आम्हाला काय वाटतं हे एकदा कळलं, की आमचा आकडा कुणी धरत नाही."

"म्हणजे दिवसभर काही वाटूच द्यायचं नाही! मग घरी गेल्यावर तरी वाटतं का काही?"

"घरी मांजर आहे. तिला सगळ्याबद्दल वाटतं."

तो इतक्या मोठ्याने हसला, की पाते क्षणभर वाकडे गेले. बेलक्रीकच्या शाळेसमोर गाडी थांबली, तेव्हा एक तास आणि पन्नास मिनिटे झाली होती. लेनोराने वाकून मैलांचा काटा वाचला. "त्रेचाळीस पूर्णांक दोन दशांश."

"माफ करा हं. दोन दशांश माझ्याकडून राहिले."

बाकीच्या तेरा शाळांच्या रस्त्यांची माहितीही वेसकडून हवी होती, म्हणून त्याच्याशी दूरध्वनी सुरू झाले. प्रत्येक बोलणे लेनोरा वहीत लिहीत गेली. खोटे लिहिणे तिला जमत नव्हते आणि गाळणे तर त्याहून नाही. आरंभी विषय होते 'पुलाची उंची' आणि 'वाऱ्याची दिशा'. मग 'बर्फाचे सात प्रकार'. मग तर 'हकलबेरीचा पाय कोरडा का होतो' असाही एक, म्हणजे रानफळे भरून भाजलेल्या गोड पदार्थाबद्दल.

६ मार्चला केंद्राच्या संचालक ॲडेल क्विन यांनी तिला खोलीत बोलावले. चौसष्ट वर्षांच्या या बाईंनीच केंद्राची घडी बसवली होती. वही त्यांच्यापुढे उघडी होती.

"तीन आठवड्यांत एका माणसाच्या सोळा नोंदी. नववी वाच बघू."

"'भाचीचा दात पडला.'"

"याचा राज्याच्या अर्थकारणाशी संबंध?"

"बोलणं झालं... म्हणून लिहिलं."

ॲडेलबाई हसल्या नाहीत. "हे बघ, अंतर चुकलं याची मला काळजी नाही. आपली चूक आपणच, आपल्याच शिक्क्याने सांगू. पण दुरुस्त केलेला आकडा त्या शाळेच्या बाजूला झुकणार, आणि मोजणारी तू... तू कुणाच्या बाजूला झुकली आहेस, हे या वहीत आंधळ्यालाही दिसेल. उद्या समितीत कुणी म्हणालं, की आकडा प्रेमापोटी बदलला, तर?"

"तर खरा असूनही तो कुणी मानणार नाही. शाळा जाईल."

"आणि तिच्या मागोमाग आपणही."

 लेनोराने वही आपल्याकडे वळवली, सतरावी नोंद लिहिली, खाली सही केली आणि नकाशांचे सगळे बाड ॲडेलबाईंच्या टेबलावर ठेवले.

संध्याकाळी तिने वेसला फोन केला. "मतदान होईपर्यंत आपल्याला बोलता येणार नाही. मोजणीचं काम मी सोडलंय. आता सगळं पहिल्यापासून दुसरं कुणी मोजेल."

पलीकडच्या वाऱ्यातून त्याचा आवाज आला. "कारण काय लिहिलंत?"

"ते वहीत आहे. तुम्ही येऊन बघू शकता..."

"नाही बघणार. तुम्हाला सांगावंसं वाटेल, तेव्हा तुम्हीच सांगा."

महिना मोठा गेला. रस्त्यांची स्थिती कळवणारा एक सरकारी दूरध्वनी क्रमांक होता. रोज सकाळी सहाला त्यावर नवा निरोप येई आणि टॅमरॅक भागाचा निरोप वेसच्या आवाजात असे. ती माहिती सर्वांसाठी खुली होती. ऐकण्यात नियमाचा भंग नव्हता. लेनोराने नियमावली दोनदा तपासली होती. 'खिंड बंद. वळणाचा रस्ता सुरू. पुलावर बर्फाचा पातळ थर. सावकाश या.' इतर भागांतले मुकादम 'सावकाश चालवा' म्हणत. हा एकटाच 'सावकाश या' म्हणत असे. कॉफी निवेपर्यंत ती तो निरोप पुन्हा पुन्हा लावी, आणि मांजर तिच्याकडे रोखून पाही.

मंगळवार, २ एप्रिलला समिती पुन्हा बसली. ॲडेलबाईंनी दुरुस्ती मांडली: हिवाळ्यातल्या रस्त्याने मोजल्यास शाळा चौदा नव्हे, नऊ, बचत बासष्ट नव्हे, अडतीस लाख. आधीची चूक केंद्राची.

विधेयक मांडणारे आमदार स्ट्राउड उठले. माणूस वाईट नव्हता; राज्याच्या तिजोरीची त्यांना मनापासून चिंता होती. "सात आठवड्यांत पाच शाळा यादीतून गायब झाल्या. आकडा कसा बदलला, हे विचारण्याचा मला हक्क आहे. मी केंद्राची संपर्कवही मागवली आहे." त्यांनी चष्मा चढवला. "श्री. हाल्वर्सन, विषय: बर्फाचे सात प्रकार. श्री. हाल्वर्सन, विषय: भाचीचा दात पडला. श्री. हाल्वर्सन... विषय: हकलबेरीचा पाय."

खोलीत हशा पिकला. लेनोराचे कान तापले. मागच्या रांगेत वेस दोन्ही हातांनी टोपी पिळीत बसलेला तिला दिसत होता.

"आणि ही सतरावी," स्ट्राउड म्हणाले आणि वाचू लागले. "'६ मार्च. हे काम आजपासून माझ्याकडून काढून घ्यावे, ही विनंती. कारण: हा माणूस मला आवडतो. यापुढे या विषयातले माझे मोजमाप कोणीही ग्राह्य धरू नये.'"

या वेळी कुणी हसले नाही. स्ट्राउडांनी ती ओळ मनातल्या मनात पुन्हा वाचली असावी. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी चष्मा काढला.

"यानंतरचं मोजमाप कुणी केलं?"

"मी," ॲडेलबाई म्हणाल्या. "चौदाही ठिकाणी स्वतः गाडी चालवत जाऊन, दोन वेळा. आणि नोंद असू द्या, मला हा माणूस मुळीच आवडत नाही. त्याने या खोलीचा गालिचा खराब केला."

"माझा आणखी प्रश्न नाही," स्ट्राउड म्हणाले आणि वही मिटून त्यांनी ती दोन्ही हातांनी परत केली.

जिन्याजवळ वेस उभा होता. त्याने तोंड उघडले. लेनोराने बोट ओठांवर ठेवले – मतदान व्हायचे होते. तो मान हलवून जिना उतरला. मात्र एकेका पायरीवर थांबत, वळून पाहत... दुसऱ्या दिवशी सहाच्या निरोपात त्याचा आवाज किंचित घोगरा होता. 'खिंड बंद. वळणाचा रस्ता मोकळा आहे.' मग एक श्वास. 'पूर्ण मोकळा आहे. सावकाश या.'

शुक्रवारी सभागृहाने अंतर हिवाळ्यातल्या रस्त्याने मोजण्याची दुरुस्ती स्वीकारली आणि विधेयक अठ्ठावन्न विरुद्ध बेचाळीस मतांनी संमत केले. टॅमरॅकची शाळा राहिली. उरलेल्या नऊ शाळांची नावे लेनोराने टेबलाशी बसून एकेक करून वाचली. आकडा बरोबर होता. तरीही त्या नऊ गावांतल्या शाळांच्या फाटकांशी कुणीतरी उभे असेलच, हे तिला प्रथमच इतके स्पष्ट दिसत होते. मग तिने दिवा मालवला.

शनिवारी दुपारी ती टॅमरॅकला पोचली, तेव्हा वेस खिंडीच्या फाटकाला टेकून उभा होता. बूट या वेळी कोरडे होते.

"आता तरी सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

"केंद्राला..."

"केंद्राला नाही विचारलं."

"मला वाटतं," लेनोरा एकेक शब्द तोलून म्हणाली, "ते तू आधी माझ्या तोंडून ऐकायला हवं होतंस. स्ट्राउडसाहेबांच्या नाही."

'तू' ऐकून तो फाटकापासून सरळ झाला. "वाचलं त्यांनी चांगलं," तो हळूच म्हणाला. "पण मन भरलं नाही. परत ऐकव ना."

तिने ऐकवले. मग त्याच्या ऊबदार हातमोज्यात आपला हात सरकवला – त्याचा हात आत असतानाच.

गाडीच्या काट्यावरचा आकडा तिने सवयीने टिपून ठेवला होता. हेलेना ते टॅमरॅक, सरळ रेषेत अठ्ठ्याण्णव मैल. रस्त्याने, हिवाळ्यात: एकशे त्रेसष्ट.