केरबाच्या जीपखाली

लाइट गेलीच आहे, तर सांगून टाकतो. तो दिवा जरा मधे ठेवा. भूतबित आमच्या घरात चालत नाही, हे आधीच सांगतो. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्यातल्या देवांबरोबर भुतांनाही निरोप दिला होता. मीही भुताला कधी भ्यालो नव्हतो. मी जळत होतो, आणि तेही एका मेलेल्या माणसावर.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. शिरूर अनंतपाळला रस्त्याकडेला माझं गॅरेज होतं. माझं कसलं, केरबाचं. केरबा म्हणजे नावाजलेला मेकॅनिक. तो काविळीनं गेला. वर्ष उलटल्यावर मी त्याच्या बायकोशी, पंचशीलाशी, विहारात लग्न केलं. लोक म्हणाले, व्यंकटीनं नशीब काढलं. पण त्या घरात मी ज्याला हात लावावा, त्याला आधी केरबाचा हात लागलेला. गिऱ्हाइकं माझ्या तोंडावर म्हणायची, "केरबा असता तर नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं." जिवंत माणसाशी भांडता येतं, बरोबरी करता येते. मेलेला माणूस दिवसेंदिवस चांगलाच होत जातो.

त्याची जीपही आमच्याकडे होती. समोरच्या काचेवर रेडियमच्या अक्षरांत 'केरबा'. एरवी ती प्रवासी भरायची. त्या साली मागची बाकं काढून मी तिच्यात पाण्याची टाकी बसवली आणि लांबच्या एका बोअरवरून गावात पाणी आणू लागलो. तेवढ्यात तिच्या टर्बोचा रिटर्न पाइप गळायला लागला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याच्या बेअरिंगला तेल लागतं, आणि ते तेल खालच्या पाइपानं परत इंजिनात उतरतं. त्या पाइपाला वर एक जोड, खाली एक जोड. मी वरच्या जोडातलं कागदी पॅकिन बदललं, खालची क्लिप बदलली, रबरी तुकडासुद्धा नवा घातला. जीप गळतच राहिली.

पंचशीला बाजूला उभी राहून बघत होती.

"इतकं आवळू नका. ते म्हणायचे, रिटर्नला जोर नसतोय. तेल आपल्या वजनानं उतरतंय. वाट तेवढी मोकळी पाहिजे."

"ते म्हणायचे, ते म्हणायचे! मग त्यांनाच बोलव की दुरुस्त करायला."

ती काचेकडे बघत म्हणाली, "ही गळायची थांबली ना, त्या दिशी ते नाव काढा. तुमचं घाला. मी न्हाई म्हणणार न्हाई."

चहाच्या टपरीवर तेव्हा एकच चर्चा चालायची. उदगीर जिल्हा होणार, गाड्यांचे नंबर बदलणार. नंबराशी मला काही कर्तव्य नव्हतं. मला ते नाव काढायचं होतं. तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, आणि मध्ये आडवा आला होता तो एवढासा पाइप.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी पंचशीला घागर घेऊन टँकरच्या रांगेत गेली, आणि मी जीपखाली शिरलो. तिनं सांगितलं होतं म्हणूनच मी उलटं केलं. दोन्ही जोडांना गळती बुजवायचं सिलिकॉन थापलं, क्लिप दात खाऊन आवळली. असं केलं की सिलिकॉन आत पिळून वाट बुजते, हे मला ठाऊक होतं. पण जळणाऱ्या माणसाचा हात कुठं ताब्यात असतो? इंजिन सुरू केलं. आधी थेंब आले, मग चक्क धार लागली. मी इंजिन बंद केलं, पाना भिरकावला आणि आतल्या खोलीत बाजेवर जाऊन पडलो.

बाहेर चिटपाखरू नव्हतं. पत्रे उन्हानं कडकड वाजत होते. डोळा लागतो न लागतो, तोच गॅरेजातून आवाज आला.

टक... टक... टक...

पॅकिन हातानं कसं करतात, पाहिलंय तुम्ही? जाड कागद लोखंडी जोडावर धरायचा आणि हातोडीनं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं. खालची कड कागद कापत जाते. हा तोच आवाज होता. घाई अजिबात नाही. मधेच थांबायचा, कागद फिरवल्यासारखा, की पुन्हा सुरू.

"पंचशीला?" मी हाक मारली. "आलीस का गं?..."

आला तो फक्त वास. जळक्या तेलाचा नव्हे, लाल साबणाचा. नुकत्याच आंघोळ केलेल्या माणसाचा. गावात आठ-आठ दिवस कुणाच्या अंगाला पाणी लागत नव्हतं हो त्या उन्हाळ्यात...

आवाज थांबल्यावर उठून गेलो. झोपेतून उठलेल्या डोळ्यांना गॅरेजातला अंधार आणखी गडद वाटला. कुणीच नव्हतं. जीपच्या पुढच्या चाकाशी माझं सिलिकॉन सालीसारखं सोलून ठेवलं होतं. मी चावी फिरवली. इंजिन असं चाललं, जसं माझ्या हातून कधीच चाललं नव्हतं. जोड दोन्ही कोरडे ठणठणीत.

तेवढ्यात पंचशीला आली. डोक्यावरची घागर चाकाजवळ उतरवून ती वाकून खाली बघू लागली.

"थांबलं की वो!" ती हसली. माझ्याकडे बघून असं ती पहिल्यांदाच हसली होती. "तुम्ही केलं?"

"मग कोण करणार?" मी म्हणालो.

"थांबा, ब्लेड आणते. आत्ताच काढू नाव."

ती आत गेली. माझं नाव काचेवर चढणार होतं, पण त्याच्या उपकारावर! ते हसूसुद्धा त्याच्याच कामाचं होतं. मी इंजिन बंद केलं, जीपखाली शिरलो आणि पोळणारे नट फडक्यानं धरून सोडवले. पाइप ओढून काढला. वरच्या जोडाचं पॅकिन हातात आलं. आमच्या लग्नाच्या पत्रिकेचं होतं ते. 'पंचशीला' हे नाव जसंच्या तसं, तेलानं काळपट झालेलं. त्याखाली जिथं माझं नाव छापलं होतं, तिथं तेल उतरायचं गोल भोक पाडलेलं.

मग मला राहवलं नाही. पाइप काढलेलाच ठेवून मी इंजिन सुरू केलं. गळू दे, म्हटलं, रक्त वाहिल्यासारखं गळू दे! पुन्हा खाली शिरलो.

एक थेंब पडला नाही.

मोबाइलचा उजेड पाडला. टर्बोच्या तोंडातून तेल येत होतं आणि खालच्या तोंडात जात होतं. मधे पाइप नव्हता... मी हात घातला. तिथं एक हात होता. तळव्याची पन्हळ केलेला, तेलानं गुळगुळीत, जिवंत माणसासारखा गरम. त्यानं माझी बोटं हळूच बाजूला सारली. उस्ताद शिकाऊ पोराची सारतो, तशी.

कसा बाहेर आलो, आठवत नाही. पंचशीला बोनेटवर वाकून काच खरवडत होती. 'के' निघालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चाकाकडे, आणि ब्लेड खाली ठेवलं.

"इंजिन बंद करा," ती अगदी हळू म्हणाली. "हात पोळत असंल त्यांचा."

मी तिला काही सांगितलं नव्हतं. ब्लेड घेऊन आल्यापासून जीपखाली तिनं वाकूनसुद्धा पाहिलं नव्हतं. मी चावी फिरवली.

तिनं घागर उचलली. रांगेत उभं राहून आणलेली, पुरती भरलेली घागर. जीप गळायला लागल्यापासून मला तोंड धुवायला तांब्याभर पाणी मिळालं नव्हतं. ती चाकाशी बसली आणि जीपखाली सावकाश ओतू लागली, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ओतावं तसं.

पाणी जमिनीवर पडल्याचा आवाज आला नाही. घागर रिकामी झाली तेव्हा मी वाकून पाहिलं. खालची माती कोरडी होती.