फिल्टरवरची दुसरी रिंग

"बाई, माझ्या दिराला वाचवा! उद्या तो गॅरेजचे पाने-पकडी विकायला काढतोय."

दारात आलेली ओळखीच्या घरातली थोरली सून एवढं बोलली आणि तिला रडूच कोसळलं. साहेबांनी पेपर खाली ठेवला. साहेब आपले नावालाच. गुप्तहेर त्यांची बायको. तिला सगळे बाई म्हणत, म्हणून हे बाईंचे साहेब.

हकीकत साधी होती. सुनेचा नवरा टॅक्सी चालवायचा, धाकटा दीर मेकॅनिक. धाकट्याने टॅक्सीचं ऑइल आणि फिल्टर बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑइल गळून इंजिन जाम. फिल्टर काढला तर एकीऐवजी दोन रबरी रिंगा! जुनी रिंग इंजिनला चिकटून राहिली, ती काढायला हा विसरला, असं थोरल्याने भर टॅक्सी स्टँडवर ओरडून सांगितलं. गिऱ्हाइकं पळाली, आणि धाकटा तोंडातून ब्र काढेना.

साहेबांचं तोंड उतरलं. पळालेल्या गिऱ्हाइकांत तेही होते आणि बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

टॅक्सी सुनेच्या घरासमोर अंगणात उभी होती. थोरल्याने राखाडी फिल्टर बॉनेटवर आपटला. "बघा सख्ख्या भावाचे प्रताप!"

बाईंनी दोन्ही रिंगा चिमटीत दाबल्या आणि साहेबांच्या हातावर ठेवल्या. "अहो, कशा लागतात?"

"मऊ. दोन्ही मऊ. त्यात काय?"

"गॅरेजमधून आणल्यावर गाडी चालवलीत?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"लांबचं भाडं मारलं की! चांगली चालली. मग इथं लावली आणि आम्ही दोघं स्कूटरवर हिच्या माहेरी गेलो. सकाळी परत येऊन टॅक्सी काढली, आणि ऑइलचा लाल दिवा लागेस्तोवर इंजिन आवळलंच."

दाराशी खुर्चीत आप्पा बसले होते, दोघांचे वडील. पोरांना गाडीचं काम त्यांनीच शिकवलेलं.

"बाई, आज साहेब नाही आले?" आप्पांनी विचारलं.

साहेब त्यांच्या पुढ्यातच उभे होते. म्हातारा टोमणा मारतोय, असं वाटून त्यांचे कान तापले.

"हल्ली दिसेल तो फिल्टर लावतात," आप्पा म्हणाले. "आत कागदाच्या घड्या दाट पाहिजेत. बंद गाडीतलं ऑइल खाली उतरू नये म्हणून झडप पाहिजे. माझ्या ट्रंकेत आहेत अजून तसले." आणि एकदम गप्प झाले.

गॅरेजमध्ये धाकटा पाने पुसून पेटीत भरत होता. फळीवर निळ्या फिल्टरांची रांग होती.

"राखाडी नाही ठेवत?" बाईंनी विचारलं.

"नाही. पण चूक माझीच आहे, बाई."

"टॅक्सीचा जुना फिल्टर कुठाय?"

"तो कशाला आता?"

बाईंनी भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि धाकट्याने नाइलाजाने बोट दाखवलेला फिल्टर वर काढला. त्याची रिंग जागच्या जागी होती, वाळून कडक झालेली.

"इथंच थांबवा, बाई. पाया पडतो."

"घ्या! कबूल झाला!" साहेब म्हणाले.

"अहो, तुम्ही गाडी काढा. याला घेऊनच जाऊ."

घरी सगळे जमले. बाईंचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

"जुन्या फिल्टरची रिंग पिंपात सापडली. म्हणजे इंजिनला चिकटलेली रिंग त्याची नव्हे. ती मऊ, म्हणजे नवीच. धाकट्याने निळा फिल्टर लावला, लांबच्या भाड्यात इंजिन तापलं आणि त्याची रिंग चिकटली. नंतर कोणीतरी निळा काढला, रिंग तिथंच राहिली आणि तिच्यावर राखाडी चढवला. तेव्हा ही दोघं माहेरी होती आणि धाकट्याकडे राखाडी फिल्टर नाहीतच. ते ज्याच्याजवळ आहेत, ज्याला निळा पटत नाही आणि ज्याला..." त्या थांबल्या. "पुढचं मला बोलवत नाही."

साहेबांना आत्ता उमगलं. तो टोमणा नव्हता. त्यांना मान वर करवेना.

"ज्याला दिसत नाही," आप्पा म्हणाले. "मीच बदलला. गाडीला चांगला फिल्टर असावा म्हणून. रिंग राहिली का ते बोट फिरवून बघितलं रे, पण बोटांनाही आता कळत नाही. आणि हे सांगायची लाज वाटली. पोराचा धंदा बुडाला तरी मी गप्प!"

"आप्पा, बसा तुम्ही," धाकटा पुढे झाला.

"तुला कधी कळलं?" आप्पांनी विचारलं.

"दादाने राखाडी फिल्टर दाखवला तेव्हाच."

थोरला दाराकडे वळला. "मी सांगतो स्टँडवर. मीच बोंब मारली होती."

"तू काय सांगणार? डोळे माझे गेलेत." आप्पा चाचपडत उठले. "चल."

स्टँडवर पाच-सहा ड्रायव्हर बॉनेटना टेकून उभे होते. दोन्ही मुलांनी आप्पांना दोन्ही बाजूंनी धरलं होतं. साहेब मागे, शरमेने अर्धे झालेले.

"ऐका रे!" आप्पा ओरडले. "तो फिल्टर मी लावला होता. माझ्या पोराची काही चूक नाही. मी आंधळा झालोय आणि लपवत होतो."

मग साहेब पुढे आले, खिशातून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि धाकट्यापुढे धरली. "ऑइल बदलायचंय," ते पुटपुटले, "जमलं तर माफ कर."

धाकट्याने एक हात आप्पांच्या दंडावर तसाच ठेवला आणि दुसऱ्याने किल्ली घेतली.